राजीनामा लिहिण्यापूर्वी

गुरुजी, असे समजा की उमरखेड तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत वीस वर्षे शिकवणाऱ्या मास्तरांची नजर अधू झाली. एके संध्याकाळी संस्थेचे चालक घरी येतात, चहा घेतात आणि हळूच म्हणतात, “मास्तर, आता झेपत नाही, तर राजीनामा द्या. पुढचे आम्ही पाहून घेऊ.” मास्तर भिडेखातर लिहून देतात. इथेच निम्मा दावा बुडाला!

कायदा तर मास्तरांच्या बाजूचा आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, कलम २० पाहा. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कोणाला काढता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे. जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून ठेवावे. हे बंधन सरकारी आस्थापनांवर आहे, आणि सरकारी अनुदानावर चालणारी संस्थाही त्यांतच मोडते. याआधीच्या १९९५ च्या कायद्यातही असेच कलम होते. पाय गमावलेल्या एका शिपायाला निवृत्तिवेतन देऊन घरी बसवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली त्याला नोकरीचे संरक्षण दिले.

मग करायचे काय? तोंडी बोलणे सोडा. दुसरे काम मागणारा अर्ज लिहा, प्रमाणपत्राची नक्कल जोडा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नाहीत? स्पीड पोस्टाने पाठवा. तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रार नोंदवून दोन आठवड्यांत चौकशी करावी, असे कलम २३ सांगते. समाधान झाले नाही तर जिल्हा समितीकडे जाता येते.

पण एक खोच ध्यानात ठेवा. काढल्याचा हुकूम हाती पडला की खाजगी शाळेच्या शिक्षकाने ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचे असते. आपल्याकडचे न्यायाधिकरण अमरावतीला. जाण्यायेण्यात दिवस मोडतो, हे खरे. पण तक्रारीचा निकाल येऊ द्या म्हणून थांबलात तर मुदत टळते. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, मात्र त्यावर विसंबू नये. हुकूम कधी मिळाला, ती तारीख पाकिटासकट जपा.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. दिव्यांग व्यक्तीला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.