ओळखीची वाट चुकते तेव्हा

लालबागच्या गिरणीत हयात घालवलेले आमचे मामा परवा भारतमाता सिनेमापासून चाळीची वाट चुकले. बाकी जुने हिशेब तोंडपाठ! आम्हीही म्हटले, वय झालं. तिथंच चुकलो.

मेंदूत जागा व दिशा सांभाळणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या शोधाला २०१४ चे नोबेल मिळाले. स्मृतिभ्रंशाचा मुख्य आजार अल्झायमर बहुधा याच भागात आधी शिरतो. म्हणून लंडनच्या संशोधकांच्या मदतीने २०१६ साली वाट शोधण्याचा मोबाइल खेळ निघाला. चाळीस लाखांवर लोक खेळले.

नुसत्या अशा चाचणीवर निदान होत नाही. थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्व हेही तपासावे लागते. फडाकडच्या रोजच्या पाणंदीवर वडीलधारे घोटाळू लागले, तर डॉक्टरांना तेच आधी सांगा. मामांना घेऊन आम्ही सोमवारी परळच्या के. ई. एम.ला निघालो आहोत.