शर्त, शाखा आणि परिणाम

खडवलीस जाणारा प्रवासी मुंबईहून निघताना मनाशी एक शर्त बांधतो : कसाऱ्याची गाडी लागली असेल तर तीत बसावे, नाही तर कल्याणपर्यंत मिळेल ती धरून तेथे बदलावी. दोन्ही गाड्यांचे वेळापत्रक चाळल्याने त्याचे काही बिघडत नाही. दोन्ही गाड्यांत बसून पाहण्याची मुभा मात्र त्याला नाही. निव्वळ हिशेब आणि प्रत्यक्ष कृती यांतील हा भेद संगणकीय भाषांच्या रचनाकारांना फार सतावत आला आहे.

१९५७-५८च्या सुमारास संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी हे फोर्ट्रानमध्ये बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहीत असता, त्या भाषेतील शर्तीचे विधान गैरसोयीचे वाटून त्यांनी ‘एक्सआयएफ’ नावाचे फंक्शन रचले. परंतु फंक्शनला पाचारण करण्यापूर्वी त्याची सर्व पदे मोजून घ्यावयाची हा भाषेचा शिरस्ता असल्यामुळे, जी शाखा निवडावयाची नव्हती तिचेही मूल्यमापन होऊ लागले. या अडचणीतून एकच शाखा मोजणारी सशर्त पदावली जन्मास आली, आणि १९६० साली लिस्प भाषेवरील त्यांच्या निबंधातून व अल्गोल ६० या भाषेतून ती रूढ झाली. तिच्यावाचून स्वतःलाच पाचारण करणारी व्याख्या थांबतच नाही : शून्याचा क्रमगुणित एक, असे सांगूनही दुसरी शाखा मोजली गेली, तर गणित उणे एक, उणे दोन असे खाली घसरतच राहते.

म्हणून लिस्पकुळात ‘इफ’ला सामान्य फंक्शनचा दर्जा नसून खास अधिकार बहाल केलेला आहे. सी भाषेनेही ‘भाजक शून्य नाही आणि भागाकार दहाहून मोठा आहे’ अशा जोडशर्तीत, पहिला भाग खोटा ठरताच दुसऱ्याकडे ढुंकूनही न पाहण्याचा कायदा केला. स्मॉलटॉकने तिसराच तोडगा काढला : दोन्ही शाखा बंदिस्त ठोकळ्यांच्या रूपाने द्याव्यात आणि शर्तीच्या निकालाने त्यांपैकी एकच उघडावा.

१९९०मध्ये अवतरलेल्या हॅस्केल भाषेने हा खास अधिकारच अनावश्यक ठरवला. गरज पडेपर्यंत काहीच मोजावयाचे नाही, असा तिचा दंडक असल्यामुळे तेथे कोणीही आपले ‘इफ’ साध्या फंक्शनाप्रमाणे लिहू शकतो. परंतु कोणते पद केव्हा मोजले जाईल याची शाश्वती नसता, पडद्यावर अक्षर उमटवणे किंवा फाइल पुसणे अशी बाह्य परिणाम घडवणारी कृती मूल्यमापनाच्या ओघात दडवणे धोक्याचे. तेव्हा संशोधक यूजेनियो मोज्जी आणि फिलिप वॅडलर यांच्या विचारांतून, कृतीलाच एक मूल्य मानून तिचा क्रम स्पष्टपणे गुंफण्याची व्यवस्था १९९६च्या हॅस्केल १.३मध्ये प्रस्थापित झाली. न निवडलेली कृती तेथे केवळ लिखित हुकूम राहते. तिची अंमलबजावणी होत नाही.

महाराष्ट्रात हॅस्केलच्या वळणाच्या भाषांची दखल लवकर घेतली गेली. पुणे विद्यापीठात अध्यापन करणारे रुस्तम मोदी यांनी १९९१ साली सी भाषेच्या शैक्षणिक उपयुक्ततेवर टीका करणारा निबंध प्रसिद्ध केला, आणि हॅस्केलची धाकटी बहीण शोभणाऱ्या गोफरमध्ये फेरफार करून ‘पुगोफर’ ही अध्यापनोपयोगी आवृत्ती सिद्ध केली.

या इतिहासाचे तात्पर्य असे की, सर्व पदे आधी मोजण्याचा शिरस्ता, परिणामांचे स्वैर स्वातंत्र्य आणि फंक्शनासारखे साधे ‘इफ’ ही तिन्ही सुखे कोणत्याही भाषेस एकत्र लाभत नाहीत. नवी भाषा हाती घेणाऱ्याने तिची कीर्ती न विचारता, तिने यांपैकी कशावर पाणी सोडले आहे एवढेच विचारावे. त्या उत्तरात तिचा निम्मा स्वभाव कळतो.