मेव राणी आणि वेसाव्याची कोळीण

नवराबायकोचे भांडण कशावरून पेटेल याचा नेम नाही. आयर्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध प्राचीन कथेचा आरंभ अशाच एका भांडणाने होतो. मेव राणी आणि तिचा पती आयलिल रात्री शेजघरात बोलत आहेत. ‘माझ्याशी लग्न झाले आणि तुझे भाग्य उजळले,’ असे राजेसाहेब सहज बोलून जातात, आणि राणीसाहेब उसळतात! लगेच दोघांच्या मालमत्तेची मोजदाद होते. भांडीकुंडी, दागिने, मेंढ्या, घोडे, डुकरे—सारे बरोबरीचे. एक पांढऱ्या शिंगांचा बैल तेवढा राजाकडे जास्त. तोही मुळात राणीच्या कळपातला. पण बायकोच्या जातीची सत्ता नको म्हणून राजाच्या कळपात गेलेला! त्याच्या तोडीचा बैल मिळवण्यासाठी राणी अल्स्टर प्रांतावर स्वारी करते आणि मोठे रणकंदन माजते.

लोकसाहित्याच्या तासाला मी ही कथा सांगितली, तेव्हा वेसाव्याच्या कोळीवाड्यातून येणारी एक विद्यार्थिनी हसून म्हणाली, “सर, ही राणी आमच्याच गावची दिसते!”

वर्ग हसला, परंतु तिचे म्हणणे मला पटले. मेट्रोच्या पाटीवर ‘वर्सोवा’ असलेले हे गाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘वेसावे’च आहे. येथे पुरुषाने दर्यावर जावे, जाळे टाकावे. पण म्हावरं किनाऱ्याला लागले की पुढचा कारभार बाईचा. निवडणे, वलांडीवर बोंबील वाळत घालणे, बाजारात बसणे, भाव करणे आणि पैसा कनवटीला लावणे, सारे तीच पाहते. गिऱ्हाईक कितीही शहाणे असो, कोळणीपुढे त्याचे शहाणपण चालत नाही, हे वाचकांपैकी अनेकांनी अनुभवले असेलच!

कथांमधून समाज आपली मूल्येच बोलत असतो. केल्टिक कथांमध्ये कृपणपणा हे राजाचे मोठे पाप. ब्रेस नावाच्या राजाच्या घरून पाहुणे उपाशी परततात. एक कवी त्याच्यावर झोंबरी कविता रचतो, आणि तेथून राजाची उतरती कळा सुरू होते. ‘अतिथी देवो भव’ म्हणणाऱ्या आपल्याला हे निराळे सांगायला नको.

समुद्राचेही तसेच. आयरिश लोकांचा समुद्रदेव मॅनानन. ब्रान नावाचा वीर नावेतून चालला असता हा देव रथातून समोर येतो आणि सांगतो, ‘तुला जो समुद्र दिसतो, ते माझे फुललेले माळरान आहे.’ आमच्या कोळ्यालाही दर्या म्हणजे नुसते पाणी नव्हे. ते त्याचे शेत आहे आणि दैवतही. श्रावणी पौर्णिमेला त्याला नारळ अर्पण करायचा, मग होड्या लोटायच्या. पावसाळ्यात जाळी बंद. आता कायद्यानेही १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक मासेमारीला बंदी असते; कारण हा माशांच्या विणीचा काळ. घेण्यापूर्वी द्यावे आणि घेतानाही हात आवरावा, हे शहाणपण नारळी पौर्णिमेत आहे.

आपली दिवाळी येते त्याच सुमारास, १ नोव्हेंबरला, केल्ट लोकांचा ‘साविन’ सण असे. हिवाळ्याच्या तोंडावर या जगाची आणि पलीकडच्या जगाची दारे उघडतात अशी समजूत. आपणही धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावतोच. अर्थात, एवढ्यावरून केल्ट आणि कोळी एकाच वंशाचे, असे अनुमान काढण्याची घाई कोणी करू नये! ते गुरे राखणारे, हे जाळे टाकणारे. मात्र भीती, कृतज्ञता आणि गेलेल्यांची आठवण यांना देशाच्या सीमा नसतात.

या दोन परंपरांत एक फरक मात्र मनाला लागतो. केल्टांचे पुरोहित आपली विद्या लिहीत नसत. वीस वीस वर्षे घालवून शिष्य ती मुखोद्गत करीत, असे ज्यूलियस सीझरने नोंदले आहे. पुढे ख्रिस्ती मठांतील भिक्षूंनी आयर्लंडमधील जुन्या देवांच्या या कथा कातड्यावर उतरवून ठेवल्या, म्हणून त्या टिकल्या. आणि १९३७ ते १९३९ या काळात तेथे आणखी एक नवल घडले. सुमारे पाच हजार शाळांतील पन्नास हजारांच्या आसपास मुलांनी घरातल्या आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून गोष्टी, म्हणी, औषधे, चालीरीती वहीत लिहून काढल्या. आज तो त्या राष्ट्राचा ठेवा झाला आहे.

आमच्याकडे सानेगुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवल्या, दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्यासाठी आयुष्य वेचले. पण एकेका घरातले धन एकेकट्या अभ्यासकाला कसे पुरे पडावे?

त्या विद्यार्थिनीची आजी धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी ही बाई. पोथी नाही, सारे तोंडपाठ. “सर, एकदा या, आजी सांगेल,” असे ती मुलगी दोनदा म्हणाली. मी ‘परीक्षा होऊ दे’ म्हटले. मग निकाल, मग पावसाळा. नारळी पौर्णिमेनंतर मी कोळीवाड्यात गेलो, तेव्हा ओटीवर आजींच्या तसबिरीला हार घातलेला होता. मुलीच्या आईने मला चहा दिला, पाहुण्याला उपाशी धाडायचे नाही म्हणून भाकरी-कालवणही वाढले. दोष कोणी दिला नाही. म्हणूनच तो अधिक बोचला.

निघताना मुलीने एक जुनी चाळीस पानी वही पुढे केली. आजीचे धवले तिने स्वतःच लिहून घ्यायला सुरुवात केली होती. अकरा पाने भरली होती, पुढली कोरी.

या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मुलांना फटाक्यांबरोबर एक वही आणून द्या, आणि फराळाचे ताट घेऊन आजीपाशी बसवा. परीक्षेनंतर नव्हे, आजच.