मैदान आणि सीईटी

साताऱ्याची अदिती स्वामी 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती 17 वर्षांची होती. म्हणजे ऐन बारावीचे वय! सांगलीच्या संकेत सरगरने वडिलांच्या पानटपरीवर काम करत वेटलिफ्टिंगचा सराव केला आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणले. आपल्या घरातल्या खेळाडूंचीही अशीच ओढाताण असते. पहाटे मैदान, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा मैदान. मग सीईटीचा अभ्यास कधी?

पालकांनी एक गैरसमज सोडावा. खेळाचे सवलतीचे गुण बोर्डाच्या परीक्षेत मिळतात, सीईटीत नाहीत. इंजिनिअरिंगच्या सीईटीत साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीचे असतात. ती उजळणी मे महिन्यातच उरकावी, कारण पावसाळ्यानंतर तालुका, जिल्हा, विभाग अशा स्पर्धांची रांग लागते. गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. रात्री दमलेल्या डोक्याला ते झेपत नाही. सकाळचा सराव, न्याहारी, की लगेच गणित. त्या तासाला मुलीला पाणी भरायला उठवू नये. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

आणि जात वैधता प्रमाणपत्र? कॉलेजचे पत्र घेऊन त्याचा अर्ज वेळेत करावा. मुलगी स्पर्धेला बाहेरगावी असेल, तर ते हेलपाटे घरच्यांनी घालावेत.