नारळी पौर्णिमा आणि जळाचे राखणदार

श्रावण शुद्ध पौर्णिमेचा दिवस अनेक मंगल रूपांनी उगवतो. कोठे जुने यज्ञोपवीत उतरवून नवे धारण केले जाते, कोठे बहीण भावाच्या मनगटाला राखी बांधते, आणि कोकणच्या किनाऱ्यावर कोळीबांधव वाजतगाजत नारळ घेऊन सागरपूजनास निघतात. आमच्या चाकुराला समुद्र नाही. तथापि या दिवशी येथील अनेक घरांत शिजणारा नारळीभात त्या सागरपूजेशीच आपले नाते सांगतो.

या पूजेमागे जो विचार आहे तो आपण सहसा ध्यानी घेत नाही. ज्येष्ठ-आषाढात समुद्र खवळलेला असतो. होडी लोटणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. आणि हाच काळ अनेक जातींच्या मासळीच्या विणीचाही असतो. म्हणून पूर्वजांनी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या आणि पौर्णिमेला वरुणदेवाला श्रीफळ अर्पण केल्यावाचून जाळे टाकावयाचे नाही, असा नेम घालून घेतला. माणसाचा जीव वाचावा आणि मासळीचा वंश राहावा, ही दोन्ही कार्ये त्या एका नेमाने साधली.

राजसत्तेनेही हा विचार फार पूर्वी मान्य केला होता. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासीच्या पौर्णिमांना व अन्य काही दिवशी मासे मारू नयेत, विकू नयेत, अशी आज्ञा कोरलेली आहे. आपल्या राज्यात सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ साली झाला. पूर्वी शासनाच्या बंदी आदेशातही नारळी पौर्णिमेचा उल्लेख असे: १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत. पुढे ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ठरली. ती यांत्रिक नौकांसाठी असते. बिगरयांत्रिक होड्यांना तीतून सूट मिळते.

नेम पाळणारे पुष्कळ असले तरी मोडणारे थोडे पुरेसे होतात. म्हणून राखणदार लागतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत येते आणि तेथे मत्स्यव्यवसाय विभागाचे परवाना अधिकारी गस्तीनौकेतून फिरतात. नौकेवर चढून ते परवाना पाहतात, जाळ्याचा आस तपासतात, निषिद्ध क्षेत्रात जाळे टाकले आहे काय हे पडताळतात. गुन्हा दिसला तर नौका अडकवून ठेवतात. मासळी नाशवंत, म्हणून तिचा लिलाव करून रक्कम जमा करतात. रात्री समुद्रात प्रखर एलईडी दिवे लावून मासळीचे थवेच्या थवे ओढून घेण्याचा प्रकार २०१७ पासून देशभर निषिद्ध आहे. त्याचा माग रात्रीच काढावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढले आणि पूर्वी तहसीलदारांकडे असलेला निवाड्याचा अधिकार मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आला. जानेवारी २०२५ पासून आकाशातून ड्रोनचाही पहारा सुरू झाला आहे.

तरीही समुद्र अफाट आहे, आणि पहारेकऱ्याची दृष्टी चुकविणे अवघड नाही. बंदी उठण्याची तारीख आणि पौर्णिमेची तिथी यांत अंतरही पडते. २०२३ साली अधिक मासामुळे ही पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, २०२४ साली १९ ऑगस्टला. जो कोळी परंपरा पाळून पौर्णिमेपर्यंत थांबतो, त्याच्या आधीच दुसऱ्याच्या यांत्रिक नौका समुद्र खरवडून येतात. बंदीची मुदत वाढवा, ही मागणी मच्छीमारांतूनच उठते ती यामुळे. संयम पाळणाऱ्यालाच तोटा व्हावा, हा न्याय नव्हे.

आपल्या शास्त्रकारांनी अशा अराजकाला नावच दिले आहे: मत्स्यन्याय, म्हणजे मोठ्या माशाने लहानाला गिळणे. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या कथेत ओंजळीत आलेला इवला मासा हेच भय सांगून अभय मागतो. मनू त्याला घटात, मग खड्ड्यात वाढवून सागरात सोडतो, आणि पुढे प्रलयात तोच मनूची नौका तारतो. आज शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरविली आहे. २०२३ साली राज्यमासा झालेले पापलेटही १३५ मिलिमीटरहून लहान असेल तर धरू नये. मनूने इवल्या माशाला दिलेले अभयच हा नियम नव्या काळात देतो, असे आम्हांस वाटते.

हा विषय केवळ कोकणचा नव्हे. मांजरा, तेरणा, गोदावरी यांच्या पात्रांत आणि आपल्याकडील तलावांत भोई समाजाची व मच्छीमार सहकारी संस्थांची उपजीविका आहे. रोहू, कटला, मृगळ या जाती पावसाळी पुरातच अंडी घालतात. अशा पाण्यात कोणी सुरुंगाची दारू उडवितो किंवा विष कालवितो, तेव्हा मोठ्यांबरोबर पिलेही मरतात आणि तेच पाणी गुरांच्या, माणसांच्या तोंडी जाते. राज्यात १९६० चा मत्स्यव्यवसाय अधिनियम आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी अधिकारी आहेत. परंतु प्रत्येक डोहावर शिपाई उभा करता येणार नाही. वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या डोहातले मासे देवाचे म्हणून कोणी धरीत नाही. तेथे भाविकच राखणदार झाले आहेत.

श्रावणात बहुतेक घरे मांसाहार वर्ज्य करतात. व्रत सुटल्यावर ज्या घरी मासळी येते, त्यांनी अंगठ्याएवढी पिले विकत घेऊ नयेत. ज्यांच्या घरी ती येतच नाही, त्यांनी निर्माल्य नदीत न टाकता झाडाच्या बुंध्याशी विसर्जित करावे, आणि गावच्या डोहात विष वा दारू वापरल्याचे दिसले तर ते अधिकाऱ्यांच्या कानी घालावे. ग्राहक मिळेनासा झाला की पिले धरणाराही थांबेल. वरुणदेवाला वाहिलेला नारळ लाटांबरोबर दूर जातो. त्याच्याबरोबर केलेला संकल्प मात्र आपल्यापाशीच राहिला पाहिजे.