स्फुरद कुणाच्या हद्दीत?
पाण्याचे शेजारी : लेखांक ५

साथीच्या दिवसांत आपल्याकडे नगरपालिका रिक्षावर भोंगा लावून सांगते, पाणी उकळून प्या. २ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराने नागरिकांना बजावलं, नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. पाण्यात मायक्रोसिस्टिन नावाचं विष सापडलं होतं. ते उकळून नाहीसं होत नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं. चार लाखांहून अधिक माणसांनी जवळजवळ तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर काढले. नॅशनल गार्डचे जवान पाणी वाटायला आले. उत्तर अमेरिकेतल्या ज्या पाच महासरोवरांत पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा साठलेला आहे, त्यांतल्या एकाच्या, एरी सरोवराच्या काठावर हे घडत होतं.

हे सरोवर त्याआधी एकदा वाचवून झालेलं होतं. दोन देश, अनेक राज्यं आणि डझनावारी खाती एकत्र आली तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण म्हणून त्याचं नाव अभिमानाने घेतलं जाई. मग त्याच सरोवराने, त्याच खात्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा मान का टाकली?

एरीचं क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर. पश्चिमेला आणि दक्षिणेला मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क ही अमेरिकी राज्यं, उत्तरेला कॅनडाचा ऑन्टेरिओ प्रांत. पाचांतलं हे सर्वांत उथळ: सुपीरियर सरोवराची सरासरी खोली १४७ मीटर, एरीची जेमतेम १९. टोलेडोच्या बाजूचा पश्चिम कोपरा तर सात-आठ मीटरच खोल आहे. उथळ म्हणून उन्हाळ्यात लवकर तापतं, आणि तापतं म्हणून मासळी भरपूर देतं. शेवाळालाही हीच परिस्थिती मानवते.

शेवाळाला खत लागतं. १९६० च्या दशकात ते शहरांच्या मैलापाण्यातून येत होतं, आणि त्यातला मोठा वाटा होता कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटचा. शेवाळ माजायचं, मरून तळाशी बसायचं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवायचं. मधल्या खोल भागात मासे गुदमरायचे. वर्तमानपत्रांनी सरोवर ‘मेलं’ असं जाहीरही करून टाकलं. १९६९ मध्ये क्लीव्हलंडजवळ एरीला मिळणाऱ्या कायाहोगा नदीने पेट घेतला, ती बातमी सगळ्यांना माहीत असते. माझ्या मते एरीचं भवितव्य ठरवणारी घटना आगीची नव्हेच, ती एका पडद्याची आहे.

झालं असं. १९०९ च्या सीमाजल कराराने अमेरिका आणि कॅनडा यांच्यात संयुक्त आंतरराष्ट्रीय आयोग नेमलेला होता: प्रत्येक देशाचे तीन सदस्य. प्रदूषणाच्या बाबतीत आयोगाला हुकूम सोडायचा अधिकार नाही. सरकारांनी विचारलं तर अभ्यास करायचा आणि सल्ला द्यायचा. १९६४ मध्ये सरकारांनी विचारलं. आयोगाच्या तज्ज्ञांचं मत पडलं, दोष फॉस्फरसचा. आपल्या शेतकऱ्याच्या नत्र-स्फुरद-पालाश या त्रयीतल्या स्फुरदाचा. साबण-पावडरीच्या कारखानदारांनी ते उडवून लावलं. त्यांचं म्हणणं, शेवाळ वाढतं ते कार्बनमुळे, फॉस्फेट बंद करून काही साधणार नाही.

कॅनडाने १९६८ मध्ये ऑन्टेरिओच्या वायव्य भागातल्या जंगलातली काही डझन लहान तळी निव्वळ प्रयोगांसाठी राखून ठेवली होती. १९७३ मध्ये तिथे डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाचं तळं त्याच्या अरुंद मध्यावर प्लास्टिकचा पडदा लावून दुभागलं. एका बाजूला कार्बन आणि नत्र टाकलं. दुसऱ्या बाजूला कार्बन, नत्र आणि स्फुरद. काही आठवड्यांत स्फुरदाची बाजू गर्द हिरवी झाली, पलीकडची होती तशीच राहिली. विमानातून काढलेलं त्याचं छायाचित्र आजही पाठ्यपुस्तकांत असतं. आकडेमोडीवर वाद घालता येतो, त्या छायाचित्रावर कोण घालणार? (पुढे २०१२ मध्ये कॅनडाच्या संघीय सरकारने याच तळ्यांच्या प्रयोगशाळेचा पैसा थांबवायचं ठरवलं. एका स्वायत्त संस्थेने ती चालवायला घेतली म्हणून ती टिकली.)

पडद्याच्या प्रयोगाच्या आदल्याच वर्षी, एप्रिल १९७२ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी ओटावात महासरोवरांच्या जलगुणवत्तेचा करार केला. १९७८ च्या सुधारित करारात एरीसाठी आकडा आला: वर्षाला ११,००० टन स्फुरद, त्याहून जास्त नाही. मोठ्या मैलाशुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमची मर्यादा घालण्यात आली. राज्यांनी एकामागून एक पावडरीतलं फॉस्फेट बंद किंवा कमी केलं. एकट्या डेट्रॉइटच्या अवाढव्य शुद्धीकरण केंद्राने स्फुरद काढायला सुरुवात केल्यावर पश्चिम एरीत फरक दिसू लागला. १९८० च्या दशकात ११,००० टनांचं लक्ष्य गाठलं गेलं, पाणी निवळलं, वॉलाय नावाचा लोकप्रिय मासा पुन्हा भरपूर सापडू लागला. डॉ. स्यूस यांच्या ‘द लोरॅक्स’ या मुलांच्या पुस्तकात एरीच्या घाणीचा उल्लेख होता. ओहायोतल्या संशोधकांनी लेखकाला पत्र लिहून सुधारणा कळवली आणि पुढच्या आवृत्त्यांतून तो उल्लेख गेला. खात्यांच्या कामाला अशी पावती क्वचितच मिळते.

हे यश नीट पाहिलं तर त्यातली सोय लक्षात येते. मैलापाणी नळातून येतं. नळाच्या तोंडाशी कुणीतरी मालक असतो, त्याचा पत्ता असतो, त्याला परवाना देता येतो आणि दंड करता येतो. पैशाची अडचण होती, पण सरकारांनी अब्जावधी डॉलर ओतले. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याचा सगळा भर अशा नळांवर आहे. शेतातून पावसाबरोबर वाहून येणारं पाणी मात्र त्या कायद्याच्या परवान्यातून वगळलेलं आहे.

साधारण १९९५ नंतर शेवाळ परतलं, ते शेताच्या वाटेने. (मध्यंतरी जहाजांच्या तळपाण्यातून झेब्रा शिंपलेही येऊन पोचले, १९८८ मध्ये ते प्रथम सापडले. पाणी गाळताना ते बाकीचं शेवाळ खातात आणि मायक्रोसिस्टिस हे विषारी शेवाळ बाहेर टाकतात, म्हणजे त्यांनीही हातभार लावला.) एरीला सुमारे ऐंशी टक्के पाणी डेट्रॉइट नदीतून मिळतं, पण ते पुष्कळच विरळ. टोलेडोपाशी मिळणारी मॉमी नदी पाण्याच्या हिशेबात किरकोळ, स्फुरदाच्या हिशेबात मोठी. तिचं खोरं म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीन. एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथे ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ नावाची विस्तीर्ण दलदल होती. ती उपसून जमीन काढली, आणि आजही ती जमीन कोरडी राहते ती पोटात पुरलेल्या सच्छिद्र नळांमुळे. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनीच्या शेतकऱ्याला हा भूमिगत निचरा समजावून सांगायला नको.

या खोऱ्यातली मातीची धूप थांबावी म्हणून सरकारी खात्यांनीच वर्षानुवर्षं विनानांगरणीच्या शेतीचा प्रसार केला. धूप कमी झाली, मातीला चिकटून जाणारं स्फुरदही कमी झालं. पण न नांगरलेल्या जमिनीवर खत फोकून दिलं की ते वरच्या दोन बोटं थरातच राहतं. वळीव आला की विरघळतं, भेगांतून आणि गांडुळांच्या बिळांतून खालच्या नळांत उतरतं आणि थेट ओढ्याला लागतं. विरघळलेलं स्फुरद शेवाळाला आयतं मिळतं. विरघळलेल्या स्फुरदाच्या वाढीचं हे एकमेव कारण नाही. पण मुख्य कारणांत ते धरलं जातं. एका खात्याचं यश दुसऱ्याच्या ताटात असं वाढलं गेलं. नदीतल्या एकूण स्फुरदाचा आकडा पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं.

हे कळलं कसं, तर टिफिन गावातल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेमुळे. डेव्हिड बेकर या जीवशास्त्रज्ञाने सुरू केलेली ही प्रयोगशाळा सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून आसपासच्या नद्यांचे नमुने रोजच्या रोज घेत आली आहे, आणि एकूण स्फुरद वेगळं, विरघळलेलं वेगळं मोजत आली आहे. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत, आणि निधी मागायला गेलं की ‘यात नवीन काय?’ असं विचारलं जातं.

आज या मोजणीवर खात्यांची जी साखळी उभी आहे, ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. भूगर्भ सर्वेक्षण खातं वॉटरव्हिलपाशी मॉमीचा प्रवाह मोजतं. हायडेलबर्ग त्या पाण्यातलं स्फुरद मोजतं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे सरोवरात गेलेले टन. मार्चपासूनची बेरीज हातात आली की सागर आणि वातावरण विभाग, म्हणजे नोआ, उन्हाळ्यात शेवाळ किती माजेल याचा अंदाज जाहीर करतो. मग उपग्रहांची चित्रं, युरोपीय उपग्रहांचीसुद्धा, वाऱ्याचे अंदाज, आणि हंगामभर पाणीपुरवठा केंद्रांना इशारे. २०११ च्या शेवाळाला त्यांच्या मापनात १० गुण होते. २०१५ ला ते १०.५ झालं, म्हणजे पट्टीच अपुरी पडली. २०१४ चं शेवाळ याहून लहान होतं. पण वाऱ्याने ते नेमकं टोलेडोच्या पाणी उचलण्याच्या जागेवर आणून ठेवलं. त्या तीन दिवसांत आणखी एक उणीव उघडी पडली: शहर, राज्य आणि संघीय प्रयोगशाळा यांची विष मोजायची पद्धतच एक नव्हती, संकट चालू असताना त्यावर एकमत करावं लागलं.

पैशाची घडीही विचार करून बसवलेली आहे. २०१० मध्ये महासरोवर पुनरुज्जीवन उपक्रम सुरू झाला, पहिल्या वर्षी ४७.५ कोटी डॉलर. रक्कम पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हाती येते आणि ती आंतरखाते करारांनी इतरांना वाटते: मृद्संधारण, वन्यजीव, भूगर्भ, लष्करी अभियंते. आराखडा सगळ्यांचा एक. ज्याच्या हातात थैली त्याने बोलावलेल्या बैठकीला सगळे वेळेवर येतात, हे मुंबईत काय आणि शिकागोत काय, सारखंच असावं. २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने हा निधी शून्यावर आणायचा प्रस्ताव दिला तेव्हा सरोवरांकाठच्या दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी तो हाणून पाडला.

आता गाडी अडते ती जागा. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी लक्ष्य ठरवलं: २००८ च्या तुलनेत स्फुरद ४० टक्के कमी. मॉमीसाठी वसंतातली मर्यादा ८६० टन, त्यातलं विरघळलेलं १८६ टन. त्याच्या आदल्या वर्षीच ओहायो, मिशिगन आणि ऑन्टेरिओ यांनी २०२५ ची मुदत स्वतःहून घातली होती. मॉमीचा उगम इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनला होतो. इंडियानाने त्यावर सही केली नव्हती. त्याला एरीचा किनाराच नाही.

शेतकऱ्याने खत फोकण्याऐवजी पेरून द्यावं, पाणथळ राखावी, यासाठी पैसे मिळतात. ओहायोने २०१९ पासून स्वतःचीही मोठी योजना काढली. सगळं ऐच्छिक. सक्ती आहे ती थोडी: गोठलेल्या किंवा चिंब जमिनीवर खत आणि स्लरी टाकायला २०१५ पासून बंदी आहे. आणि सरोवराच्या कुठल्या उपनदीकाठच्या कुठल्या शेतात कोणता उपाय झाला, हे कृषी खात्याला माहीत असलं तरी ते इतर खात्यांना सहज सांगता येत नाही. २००८ च्या कृषी कायद्याच्या कलम १६१९ ने शेतकऱ्याची ही माहिती गोपनीय ठेवली आहे. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर कलम रास्त आहे. आपली माहिती एका खात्याला विश्वासाने दिली ती दुसऱ्याने नोटीस पाठवायला वापरावी, हे कुणाला रुचेल? पण त्यामुळे नदीच्या मुखाशी किलोकिलोचा हिशेब आणि शेताच्या बांधाशी अंधार, अशी स्थिती आहे.

पाऊस तर कुणाचंच ऐकत नाही. २०१२ च्या दुष्काळात शेवाळ अगदी थोडं आलं, शेती तीच असून. २०१९ मध्ये उलट इतका पाऊस झाला की अनेक शेतांत पेरणीच झाली नाही. नदी दुथडी वाहिली, पण पाण्याच्या मानाने तिच्यातलं स्फुरद कमी निघालं. त्या वर्षी खत बरंच कमी पडलं होतं. कुठल्याही खात्याने आखला नसता असा प्रयोग हवामानाने करून दाखवला.

खात्यांनी ताणलेली दोरी अखेर न्यायालयात गेली. पर्यावरण संस्थांच्या खटल्यांनंतर २०१८ मध्ये ओहायोने पश्चिम एरी कायद्याच्या भाषेत ‘बाधित’ असल्याचं मान्य केलं. मॉमीसाठी स्फुरदाची मर्यादा-योजना २०२३ मध्ये मंजूर झाली, आणि तीत शेतांवर पुरेसा जोर नाही म्हणून २०२४ मध्ये तिलाही आव्हान दिलं गेलं. टोलेडोच्या मतदारांनी २०१९ मध्ये सरोवराला स्वतःचे कायदेशीर हक्क देणारा ठराव मंजूर केला होता, तो वर्षभरात संघीय न्यायाधीशांनी संदिग्ध म्हणून रद्द केला. २०२५ ची मुदत आली आणि गेली, चाळीस टक्के गाठले गेले नाहीत.

दरम्यान टोलेडोने आपल्यापुरता उपाय केला. पाणीपुरवठा केंद्रात ओझोन प्रक्रिया बसवली, सरोवरात विष हेरणारी उपकरणं सोडली, कार्बनची भुकटी हाताशी ठेवली. यंत्रणा चांगली आहे, शहर पुन्हा तसं अडकलेलं नाही. तिचा मोठा भार पाणीपट्टीवर पडला.