सरकारी मदत आणि आपण (लेखांक 7) : पोच घेतली का?

“नको गं, आहे तेही जायचं.”

आमच्या शेजारच्या मावशी हे म्हणाल्या तेव्हा त्यांचे श्रावणबाळ योजनेचे पैसे चार महिने आले नव्हते. कापडी पिशवीत पासबुक, आधार कार्ड, रेशन कार्ड घालून त्या एका कार्यालयात तीनदा जाऊन आल्या होत्या. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले, पुढच्या महिन्यात बघा. मी म्हटले, “मावशी, आपण लेखी देऊ.” त्या घाबरल्या. तक्रार केली म्हणून यादीतून नावच काढले तर?

मागच्या आठवड्यात आपण अर्ज कसा भरायचा ते पाहिले. आज गाऱ्हाणे कुठे आणि कसे न्यायचे ते पाहायचे आहे. पण मावशींची ही भीती आधी समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुकानदाराने खराब माल दिला तर गिऱ्हाईक भांडते, कारण पैसे त्याने मोजलेले असतात आणि पलीकडे दुसरे दुकान असते. अनुदान घेणाऱ्याला दुसरे दुकान नाही. देणारा एकच, आणि घेणाऱ्याच्या मनात सतत असते की हे आपल्या हक्काचे नाही, कोणाच्या तरी मेहेरबानीचे आहे. म्हणून मदत वाटणाऱ्या कार्यालयात तक्रारी कमी आल्या तर लोक समाधानी आहेत असे धरता येत नाही. तक्रार केली म्हणून अनुदान बंद करावे, असे कोणत्याही नियमात नाही. हे कार्यालयाने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आता भूगोल. उपनगरात पहिला हेलपाटा चुकीच्या दारातच पडतो. घाटकोपरची बाई एन वॉर्डात जाते, मुलुंडचे आजोबा टी वॉर्डात, बोरिवलीचे आर मध्यमध्ये. ती सगळी महापालिकेची कार्यालये. संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन या योजना राज्य सरकारच्या. त्यांचा कारभार जिल्हाधिकारी आणि तहसीलदार पाहतात. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा 1990 मध्ये झाला. त्याचे तालुके तीन, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर आणि मुलुंड दोन्ही कुर्ला तालुक्यात मोडतात, आणि कुर्ल्याचे तहसील कार्यालय आहे मुलुंड पश्चिमेला. जिल्हाधिकारी बसतात वांद्रे पूर्वेला. गुडघे दुखणाऱ्या माणसाने एकदा चुकीच्या कार्यालयात जाऊन परत येणे म्हणजे एक दिवस आणि रिक्षाचे पैसे गेले. म्हणून निघण्याआधी विचारून घ्या की ही योजना कोणाची, पालिकेची की तहसीलची.

निराधार योजना 1980 पासून चालू आहे. 2023 मध्ये तिची रक्कम महिना 1,000 वरून 1,500 रुपये झाली. अर्ज मंजूर करते तालुका पातळीवरची समिती. तिचे सदस्य सचिव तहसीलदार असतात. म्हणजे ‘साहेबांनी नाकारले’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा निर्णय समितीच्या बैठकीत झालेला असतो आणि त्याचे इतिवृत्त असते. अर्ज कोणत्या कारणाने नामंजूर झाला, हे त्या कागदात सापडायला हवे. कारण कळवले नसेल तर तेवढेच मागा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला विनाशुल्क, हे मागता येते आणि 30 दिवसांत उत्तर यावे लागते.

पैसे थांबल्याची तक्रार मात्र वेगळ्या जातीची. तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सध्या सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे. आधारवर आधारित थेट हस्तांतरणात पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. तुमचा आधार शेवटी ज्या बँकेशी या कामासाठी जोडला गेला, त्या एकाच बँकेची नोंद त्या व्यवस्थेत असते. अर्जात तुम्ही कोणतेही पासबुक जोडलेले असो, रक्कम त्या नोंदलेल्या बँकेत जाते. कधीतरी शिबिरात उघडलेले जनधन खाते, मुलाने मोबाइलवर उघडून दिलेले खाते, यांपैकी काहीही असू शकते. माणूस पासबुक भरून घेतो, नोंद दिसत नाही, आणि पैसे बंद झाले असे समजतो. पैसे आलेले असतात, दुसऱ्याच खात्यात पडून असतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती तपासली की बँकेचे नाव कळते. हे काम पाच मिनिटांचे आहे. टेबलावरच्या माणसाने तेवढे बघून सांगितले तर तीन हेलपाटे वाचतात.

तोंडी तक्रारीचा दोष इथेच लक्षात येतो. तोंडी विचारले की तोंडी उत्तर मिळते आणि दोन्ही हवेत विरतात. लेखी अर्ज बारनिशीत द्यायचा, आवक क्रमांक आणि शिक्का मारून दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. त्या क्रमांकाच्या क्षणापासून तुमचे गाऱ्हाणे कार्यालयाच्या हिशेबात येते. 2005 च्या कायद्याने, ज्याला आपण दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, शासकीय कर्मचाऱ्याकडे एखादी फाईल साधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे बंधन घातले आहे. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर निर्णय 45 दिवसांत व्हायला हवा. पण दिवस मोजायला सुरुवात कुठून करायची? पोच नसेल तर सुरुवातच नाही.

उत्तर आले नाही तर पुढची पायरी लोकशाही दिन. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. जिल्ह्याच्या लोकशाही दिनासाठी अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत आणि 15 दिवस आधी द्यावा लागतो. न्यायालयात असलेले प्रकरण, नोकरीविषयक तक्रार आणि सामूहिक निवेदन तिथे घेत नाहीत. शेवटची अट लक्षात ठेवा. वस्तीतल्या 20 बायकांचे पैसे अडले असतील तर एका कागदावर 20 सह्या घेऊन गेल्यास तो परत येऊ शकतो. 20 अर्ज वेगवेगळे द्या. कष्ट वाढतात, पण प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि उत्तरही स्वतःचे मिळते.

घरबसल्या करायचे असेल तर ‘आपले सरकार’ पोर्टल 2015 पासून आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासारखा कागद वेळेत मिळाला नाही तर सेवा हक्क कायद्याखाली आधी त्याच विभागात दोन अपिले आणि मग आयोगाकडे तिसरे अपील करता येते; दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. कोणी पैसे मागितले तर मात्र या वाटेने जाऊ नका. तो गुन्हा आहे. थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा.

सगळ्या पायऱ्यांच्या वर लोक आयुक्त. स्वीडनमध्ये 1809 पासून असलेल्या ओम्बुड्समनच्या कल्पनेवरून आपल्याकडे 1971 चा कायदा आला आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्रात हे कार्यालय सुरू झाले. हा कायदा तक्रारीचे दोन प्रकार करतो. गैरकारभारामुळे एखाद्यावर अन्याय झाला तर ते गाऱ्हाणे. कोणी पदाचा गैरवापर केला, भ्रष्टाचार केला, तर ते अभिकथन. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण आपण दोन्ही एकत्र करतो. पैसे उशिरा आले की अर्जात लिहितो, ‘अमुक कर्मचारी मुद्दाम त्रास देतो.’ मग तो कर्मचारी बचावाला लागतो, चौकशी त्याच्याभोवती फिरते आणि पैशांचे राहून जाते. गाऱ्हाणे असेल तर गाऱ्हाणेच लिहा: कधीपासून, किती, काय हवे.

गाऱ्हाणे हा शब्द कायद्यात यावा याचा मला आनंद आहे. कोकणातून आलेल्या उपनगरातल्या अनेक घरांना तो वेगळ्या अर्थाने ठाऊक आहे. देवळात गावकरी उभे राहतात, एक जाणता माणूस देवापुढे एकेक मागणे मांडतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळे मिळून म्हणतात, ‘व्हय म्हाराजा.’ एकट्याचे बोलणे म्हणजे गाऱ्हाणे नव्हे. प्रत्येक वाक्याला होकार मिळतो तेव्हाच ते पुरे होते. कार्यालयाकडून मागायचा तो हाच प्रतिसाद. होकार म्हणजे मागणे मान्य झाले असे नाही. ऐकले, नोंदले, आता हे करतो आहोत, एवढे तरी कळले पाहिजे.

याच्या उलट ‘निकाली’ हा शब्द. वरच्या कार्यालयाकडे केलेली तक्रार ‘उचित कार्यवाहीस्तव’ खालच्या कार्यालयाला पाठवली की वरच्या नोंदवहीत ती निकाली निघते. खाली ती पुष्कळदा ज्यांच्या कामाविषयी आहे त्यांच्याच टेबलावर पोहोचते. त्यांचा अहवाल हवाच, त्यांची बाजू ऐकल्याशिवाय न्याय होणार नाही. पण निर्णय त्यांचा असता कामा नये. आणि अर्जदाराला कारणासह उत्तर गेल्याशिवाय ‘निकाली’ लिहिता कामा नये. माझा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे. नकारही चालेल, पण कारणासह हवा, कारण अपील करायला माणसाच्या हातात कारणच असावे लागते.

काही गाऱ्हाणी मात्र कोणत्याच टेबलाच्या हातची नसतात. निराधार योजनेत सर्वसाधारण अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे महिना 1,750 रुपये. घाटकोपरला धुणीभांडी करणारी विधवा दोन घरांची कामे धरते आणि या आकड्याच्या बाहेर जाते. तिचा अर्ज नियमाने नामंजूर होतो, तहसीलदाराची त्यात चूक नाही. ही तक्रार नव्हे, हा नियमावरचा अभिप्राय. लोकशाही दिनात त्याचे उत्तर मिळणार नाही. अशा कारणाने किती अर्ज परत गेले, ते तालुक्याने मोजून मंत्रालयात कळवायला हवे.

अभिप्रायाने नियम बदलतात, ते आपण पाहिले आहे. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय 28 जून 2024 चा. अधिवास आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी तहसील कार्यालयांपुढे रांगा लागल्या. आठवड्याच्या आत अटी सैल झाल्या. अधिवासाच्या दाखल्याऐवजी 15 वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालू लागले, पिवळ्या आणि केशरी कार्डधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली, वयाची मर्यादा 60 वरून 65 झाली, मुदत 15 जुलैवरून 31 ऑगस्टपर्यंत गेली. परराज्यात जन्मलेल्या पण इथल्या पुरुषाशी लग्न केलेल्या बायकांसाठी पतीची कागदपत्रे ग्राह्य धरली गेली. उपनगरांत याचा फायदा किती घरांना झाला असेल! त्या बायकांनी तक्रार अर्ज लिहिले नव्हते. त्यांची रांगच पुरेशी बोलकी होती. निराधारांची रांग लागत नाही. अंथरुणावरचा माणूस, दृष्टी गेलेली बाई, ऐंशीच्या पुढचे आजोबा एकेकटे घरी बसलेले असतात. त्यांचे म्हणणे मोजायला कार्यालयालाच बाहेर पडावे लागेल.

मावशींचे सांगायचे राहिले. अर्ज अखेर मी लिहिला, पाच ओळींचा. त्यात कोणाचे नाव नव्हते. त्यांनी अंगठ्याऐवजी हट्टाने सही केली. पोच घेतली. तीन आठवड्यांनी उत्तर आले की रक्कम आधार संलग्न खात्यात नियमित जमा होत आहे. ते खाते दुसऱ्याच बँकेतले निघाले, कधी उघडले ते त्यांना आठवतही नव्हते. चार महिन्यांचे 6,000 रुपये तिथे होते.

परवा त्या पुन्हा आल्या, खालच्या मजल्यावरच्या एका आजींना हाताला धरून. म्हणाल्या, “हिचं पण लिहून दे. आणि दोन कागद कर, एक शिक्का मारून आपल्याकडे ठेवायचा असतो.”

(पुढच्या आठवड्यात : हयातीचा दाखला)